फोनवर मेल दिसतो, पण कॉम्प्युटरवर लोड होत नाही? काहीही डिलीट करण्याआधी हे वाचा



घरात किंवा ओळखीत "मोबाईलमधलं सगळं कळणारे" तुम्हीच असाल, तर हा प्रश्न तुमच्याकडे कधी ना कधी येणारच. काकांच्या दुकानात किंवा मामांच्या ऑफिसमध्ये एक जुना कॉम्प्युटर असतो. त्यात थंडरबर्ड किंवा आउटलुक असतं आणि एक दिवस त्यात मेल यायचे बंद होतात. मग निरोप येतो, "अरे भो, नुसतं गोल फिरतंय, मेल उघडतच नाही. जरा बघ ना."

मी मुक्ताईनगरात कॉम्प्युटर दुरुस्तीचं काम करतो. आपल्याकडे केळीच्या गाड्या भरणारे व्यापारी, कर सल्लागार, वकील, जिनिंगची ऑफिसं अशा कितीतरी ठिकाणी अजूनही मेल ब्राउझरमध्ये नाही, तर कॉम्प्युटरवरच्या वेगळ्या प्रोग्रॅममध्येच बघतात. त्यामुळे ही तक्रार माझ्यासाठी रोजचीच आहे. बहुतेक वेळा दुरुस्ती पंधरा-वीस मिनिटांची असते. पण चुकीचं बटण आधी दाबलं, तर वर्षानुवर्षांचे मेल कायमचे जाऊ शकतात. म्हणून आज आपण दोन गोष्टी बघू. आधी काय करायचं नाही, आणि मग कोणत्या क्रमाने तपासायचं.

मोबाईलची सवय इथे का चालत नाही?

फोनवर जीमेल अडकलं की आपण काय करतो? अॅप बंद करून चालू करतो. नाही जमलं तर डेटा क्लियर करतो, अॅप काढून पुन्हा टाकतो. लॉगिन केलं की सगळे मेल परत हजर. कारण मेल फोनमध्ये नसतातच. ते गूगलच्या सर्व्हरवर असतात आणि फोन ते फक्त दाखवतो.

कॉम्प्युटरवरचा मेल प्रोग्रॅम मात्र दोन पद्धतींनी चालतो.

पहिली पद्धत पॉप. यातल्या "पीओ"चा अर्थच पोस्ट ऑफिस. पोस्टात जायचं, आपली पत्रं घ्यायची आणि घरी आणून कपाटात ठेवायची. पोस्टाच्या खिडकीत मग काही उरत नाही. ही पद्धत १९८४ सालची आहे. इंटरनेट फोनच्या तारेवरून, मिनिटाच्या हिशेबाने मिळायचं, त्या काळाला ती सोयीची होती. कनेक्शन जोडा, मेल उतरवा, कनेक्शन तोडा आणि निवांत वाचा. भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ला विदेश संचार निगमने सुरू केलं, तेव्हाही असंच डायल करून जोडावं लागायचं.

दुसरी पद्धत आयमॅप. ही १९८६ साली स्टॅनफर्ड विद्यापीठात मार्क क्रिस्पिन यांनी तयार केली. यात पत्रं पोस्टातल्या तुमच्या खणातच राहतात. तुम्ही कुठूनही येऊन वाचू शकता. फोनवर वाचलेला मेल कॉम्प्युटरवरही "वाचलेला" दिसतो, तो यामुळेच.

आता मुद्दा लक्षात घ्या. अकाउंट आयमॅपचं असेल, तर कॉम्प्युटरवरची प्रत गेली तरी मूळ मेल सर्व्हरवर शाबूत असतो. पण अकाउंट पॉपचं असेल, तर जुन्या मेलची जगातली एकमेव प्रत समोरच्या त्या धुळीने भरलेल्या डब्यात असू शकते. अनेक ठिकाणी "सर्व्हरवर प्रत १४ दिवस ठेवा" अशी सेटिंग असते. म्हणजे फोनवर गेल्या दोन आठवड्यांचे मेल दिसतात आणि त्याआधीचे सगळे फक्त कॉम्प्युटरमध्येच असतात.

एका ऑफिसमध्ये नेमकं हेच झालं होतं. मेल येत नाहीत म्हणून कुणीतरी "विंडोज नव्याने टाकू, सगळं ठीक होईल" असं सांगून डिस्क फॉरमॅट केली. नवीन मेल यायला लागले, पण मागच्या अनेक वर्षांची बिलं आणि पत्रव्यवहार गेला. मी पोचलो तोवर त्याच डिस्कवर नवं विंडोज बसलेलं होतं आणि हाती फार काही लागलं नाही. व्यवसायात हे नुकसान लहान नाही. जीएसटी कायद्याप्रमाणे हिशेबाची कागदपत्रं वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपून ठेवावी लागतात, आणि आजकाल कितीतरी बिलं फक्त मेलमधल्या पीडीएफच्या रूपात असतात.

म्हणून पहिला नियम: मेल कुठे राहतो हे कळल्याशिवाय अकाउंट काढायचं नाही, फोल्डर उडवायचं नाही, क्लीनर चालवायचा नाही आणि फॉरमॅट तर अजिबात नाही.

सुरुवात: पॉप की आयमॅप, ते बघा

थंडरबर्डमध्ये: मेनूतून अकाउंट सेटिंग्ज उघडा. डावीकडे त्या मेल आयडीखाली "सर्व्हर सेटिंग्ज" वर क्लिक करा. सगळ्यात वर "सर्व्हर टाइप" लिहिलेलं असतं. तिथेच पॉप किंवा आयमॅप कळेल.

जुन्या पद्धतीच्या आउटलुकमध्ये: फाईल, मग अकाउंट सेटिंग्ज, आणि परत अकाउंट सेटिंग्ज. यादीत "टाइप" नावाचा रकाना आहे, त्यात दिसेल.

एक सावधगिरी. थंडरबर्डमध्ये डावीकडे खाली "लोकल फोल्डर्स" असतं. अकाउंट आयमॅपचं असलं तरी या लोकल फोल्डर्समध्ये हलवलेले मेल फक्त त्या कॉम्प्युटरवरच असतात. बरेच जण "जीमेल भरलं" म्हणून जुने मेल इथे हलवून ठेवतात. तिथे काही आहे का, तेही बघा.

आता प्रत काढा. थंडरबर्डमध्ये हेल्प मेनूतून "ट्रबलशूटिंग इन्फर्मेशन" उघडा. तिथे "प्रोफाईल फोल्डर" समोर फोल्डर उघडायचं बटण आहे. फोल्डर उघडलं की आधी थंडरबर्ड पूर्ण बंद करा, आणि मग ते सगळं फोल्डर दुसऱ्या डिस्कवर किंवा पेन ड्राइव्हवर कॉपी करा. आउटलुकमध्ये अकाउंट सेटिंग्जच्या "डेटा फाईल्स" टॅबवर पीएसटी फाईल कुठे आहे ते दिसतं. आउटलुक बंद करून ती कॉपी करा.

कॉपी मध्येच थांबली आणि "फाईल फार मोठी आहे" असं आलं, तर पेन ड्राइव्ह फॅट३२ प्रकारचा आहे. त्यावर ४ जीबीपेक्षा मोठी एक फाईल बसत नाही. थंडरबर्ड सहसा अख्खा इनबॉक्स एकाच फाईलमध्ये ठेवतं, म्हणून ही अडचण नेहमी येते. एक्सफॅट प्रकारचा पेन ड्राइव्ह वापरा.

झाली प्रत? आता बिनधास्त तपासायला लागा.

तपासणी १: त्याच कॉम्प्युटरवर ब्राउझरमध्ये मेल उघडा

फोनवर नाही, त्याच कॉम्प्युटरवर. ही सगळ्यात उपयोगी चाचणी आहे, कारण तिने निम्मी कारणं एका झटक्यात बाद होतात.

ब्राउझरमध्येही नवीन मेल नसेल, तर प्रोग्रॅमचा काही दोष नाही. मेल स्पॅममध्ये गेला असेल, कुठल्या फिल्टरने दुसरीकडे टाकला असेल, किंवा जागा भरली असेल. गूगलची मोफत जागा १५ जीबी आहे आणि ती जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो या तिघांत मिळून आहे. १ जून २०२१ पासून नवीन फोटोही त्यात मोजले जातात. दुकानाच्याच आयडीने मालकांच्या फोनमधले लग्नाचे व्हिडिओ बॅकअप होत असतील, तर जागा तिकडे संपते आणि इकडे गिऱ्हाइकाचे मेल परत जातात. जागा मोकळी केली की मेल सुरू.

ब्राउझरमध्ये मेल दिसतोय, पण प्रोग्रॅममध्ये नाही? मग सर्व्हर ठीक आहे, इंटरनेटही चालू आहे. अडचण प्रोग्रॅम आणि सर्व्हर यांच्या मधल्या वाटेवर आहे. पुढे चला.

तपासणी २: मेल आलाय, पण लपलाय का?

हसू नका. हे फार वेळा निघतं. तारखेच्या रकान्यावर चुकून क्लिक झालं की यादी उलटी होते आणि नवीन मेल सगळ्यात खाली जातात. लोक वर बघतात आणि म्हणतात, मेलच नाही. तारखेवर पुन्हा एकदा क्लिक करा.

थंडरबर्डमधला "क्विक फिल्टर" चालू राहिला असेल, तर फक्त न वाचलेले किंवा स्टार केलेले मेल दिसतात. आउटलुकमध्ये "ऑल" ऐवजी "अनरेड" निवडलेलं असतं. तेही बघून घ्या.

तपासणी ३: ऑफलाईन मोड

फोनचा फ्लाइट मोड असतो ना, तसंच यांचं ऑफलाईन. थंडरबर्डमध्ये खाली डाव्या कोपऱ्यात छोटं चिन्ह असतं. त्यावर नकळत क्लिक झालं की प्रोग्रॅम सर्व्हरशी बोलणंच बंद करतो. आउटलुकमध्ये खालच्या पट्टीवर "वर्किंग ऑफलाईन" लिहून येतं. "सेंड रिसीव्ह" टॅबमध्ये "वर्क ऑफलाईन" बटण आहे, ते एकदा दाबा.

तपासणी ४: मोबाईलचा हॉटस्पॉट देऊन बघा

तुम्ही विचाराल, ब्राउझर चालतोय म्हणजे नेट आहेच, मग हॉटस्पॉट कशाला? कारण दोघांचे दरवाजे वेगळे आहेत. सर्व्हरवर निरनिराळ्या कामांसाठी क्रमांकाचे दरवाजे असतात, त्यांना पोर्ट म्हणतात. ब्राउझर ४४३ नंबरच्या पोर्टने जातो. मेल प्रोग्रॅम आयमॅपसाठी ९९३ आणि पॉपसाठी ९९५ वापरतो. मेल पाठवण्यासाठी ४६५ किंवा ५८७. कॉलेजच्या, बँकेच्या किंवा मोठ्या ऑफिसच्या नेटवर्कवर फक्त ब्राउझरचा दरवाजा उघडा ठेवून बाकीचे बंद केलेले असू शकतात.

म्हणून कॉम्प्युटरला तुमच्या फोनचा हॉटस्पॉट द्या आणि "गेट मेसेजेस" दाबा. मेल धडाधड आले, तर दोष राउटरचा किंवा ऑफिसच्या नेटवर्कचा आहे. राउटर बंद करून चालू करा, नाहीतर नेटवर्क बघणाऱ्याला सांगा. हॉटस्पॉटवरही आले नाहीत, तर नेटवर्क सुटलं, पुढचं बघू. फक्त इनबॉक्स मोठा असेल तर तुमचा दिवसाचा डेटा संपू शकतो. चाचणी झाली की हॉटस्पॉट बंद करा.

तपासणी ५: घड्याळ बघा

खालच्या कोपऱ्यातली तारीख बरोबर आहे का? जुन्या कॉम्प्युटरमध्ये मदरबोर्डवर नाण्याएवढी बॅटरी असते, सीआर२०३२ नावाची. ती संपली की वीज गेल्यावर कॉम्प्युटर वेळ विसरतो आणि चालू झाल्यावर भलतंच जुनं वर्ष दाखवतो. एका कृषी सेवा केंद्रात दर सोमवारी मेल बंद पडायचे. रविवारी दुकान बंद, मेन स्विच बंद, आणि सोमवारी तारीख मागे गेलेली. लहानशी बॅटरी बदलली आणि सोमवारची कटकट संपली.

तारखेचा मेलशी काय संबंध? सर्व्हर खरा आहे हे सिद्ध करण्यासाठी तो एक प्रमाणपत्र दाखवतो, आणि त्यावर "या तारखेपासून या तारखेपर्यंत वैध" असं लिहिलेलं असतं. तुमचा कॉम्प्युटर स्वतःला २०१० सालात समजत असेल, तर त्याला आजचं प्रमाणपत्र खोटं वाटतं आणि तो जोडणी तोडतो. अशा वेळी ब्राउझरमध्येही बऱ्याच साइट्सवर घड्याळाची चेतावणी येते.

अशा वेळी "सिक्युरिटी एक्सेप्शन जोडू का?" असा प्रश्न येऊ शकतो. "हो" दाबून मोकळे होऊ नका. त्याचा अर्थ "सर्व्हर खरा आहे की नाही, मला फरक पडत नाही" असा होतो. आधी तारीख नीट करा.

तपासणी ६: पासवर्ड बरोबर आहे, तरी घेत नाही

सध्याचं हे सगळ्यात मोठं कारण. पूर्वी मेल प्रोग्रॅममध्ये आयडी आणि पासवर्ड एकदा टाकला की काम व्हायचं. पण असा साठवलेला पासवर्ड चोरला गेला, तर चोराच्या हाती अख्खं अकाउंट. म्हणून कंपन्यांनी ही पद्धत बंद करत आणली. गूगलने वैयक्तिक जीमेलसाठी ती ३० मे २०२२ पासून बंद करायला घेतली. मायक्रोसॉफ्टने आउटलुक डॉट कॉम आणि हॉटमेलच्या वैयक्तिक अकाउंटसाठी १६ सप्टेंबर २०२४ पासून बंद केली.

नवीन पद्धतीला ओऑथ म्हणतात. तुम्ही रोज वापरता ती. "साइन इन विथ गूगल" दाबलं की गूगलचं पान उघडतं, पासवर्ड तिथेच टाकायचा, आणि अॅपला मिळते फक्त एक परवानगीची चिठ्ठी. पासवर्ड अॅपला कधी कळतच नाही.

काय करायचं ते बघा:

१. थंडरबर्ड अपडेट करा. सर्व्हर सेटिंग्जमध्ये "ऑथेंटिकेशन मेथड" पुढे "नॉर्मल पासवर्ड" असेल, तर "ओऑथ२" निवडा. मेल पाठवण्याच्या सर्व्हरलाही तेच करा, नाहीतर मेल येतील पण जाणार नाहीत.

२. जीमेलच्या आयमॅपला पोर्ट ९९३ आणि सुरक्षेत "एसएसएल/टीएलएस" असायला हवं.

३. गूगलचं लॉगिन पान उघडून कोरंच राहिलं, तर थंडरबर्डच्या प्रायव्हसी सेटिंगमध्ये कुकीज बंद आहेत का बघा. त्या चालू लागतात.

४. प्रोग्रॅम जुना आहे आणि त्यात ओऑथ नाहीच, उदाहरणार्थ आउटलुक २०१०, तर जीमेलसाठी अॅप पासवर्ड काढता येतो. त्यासाठी गूगल अकाउंटवर टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू हवं. मग गूगल १६ अक्षरी वेगळा पासवर्ड देतं, तो प्रोग्रॅममध्ये टाकायचा.

५. आउटलुक डॉट कॉम किंवा हॉटमेलचं अकाउंट असेल, तर मात्र जुन्या प्रोग्रॅमला हा आडमार्ग नाही. प्रोग्रॅम नवा घ्यावा लागतो.

एक गंमत सांगतो. पुष्कळदा ही गडबड फोनवरून सुरू झालेली असते. मुलाने रात्री फोनवर वडिलांच्या गूगल अकाउंटचा पासवर्ड बदलला, फोनवर सगळं सुरळीत. सकाळी दुकानातला कॉम्प्युटर बंद. कारण गूगलचा मुख्य पासवर्ड बदलला की आधी काढलेले अॅप पासवर्ड रद्द होतात. म्हणून पहिला प्रश्न हाच विचारा, "काल-परवा कुणी पासवर्ड बदलला का?" तसं असेल, तर थंडरबर्डच्या "सेव्हड पासवर्ड्स" मधली त्या अकाउंटची जुनी नोंद काढा, थंडरबर्ड बंद करून उघडा आणि नव्याने लॉगिन करा.

तपासणी ७: यादी दिसते, पण मेल उघडला की कोरा

विषय दिसतो, पाठवणाऱ्याचं नाव दिसतं, क्लिक केलं की पांढरं पान. किंवा भलताच मेल उघडतो. इथे गडबड अनुक्रमणिकेची असते.

जाड पुस्तकाच्या सुरुवातीला अनुक्रमणिका असते तशी थंडरबर्ड प्रत्येक फोल्डरसाठी एक छोटी फाईल ठेवतं. "अमुक मेल या ठिकाणी आहे" अशी नोंद त्यात असते. नोंद लिहिली जात असतानाच वीज गेली, तर अनुक्रमणिका एक सांगते आणि पुस्तकात दुसरंच असतं. आपल्याकडचा उन्हाळा तुम्हाला माहीतच आहे. पारा ४५च्या पुढे, कुलर सगळीकडे चालू, व्होल्टेज वरखाली, आणि कॉम्प्युटरला यूपीएस नाही. एप्रिल-मे महिन्यात ही तक्रार माझ्याकडे जास्त येते, ती यामुळेच.

उपाय: त्या फोल्डरवर उजवं क्लिक, "प्रॉपर्टीज", आणि "रिपेअर फोल्डर". थंडरबर्ड जुनी अनुक्रमणिका टाकून नवीन तयार करतं. आयमॅप असेल तर मेलची यादी सर्व्हरवरून पुन्हा येते, थोडा वेळ लागतो. मध्ये बंद करू नका. पॉप असेल तर आधी काढलेली प्रत हाताशी आहे ना, याची खात्री करूनच हे बटण दाबा.

आउटलुकमध्ये यासाठी "इनबॉक्स रिपेअर टूल" नावाचा वेगळा प्रोग्रॅम सोबत येतो. त्याला पीएसटी फाईल दाखवायची.

तपासणी ८: जागा आणि फाईलचा आकार

सी ड्राइव्ह लाल झालाय का बघा. डिस्कवर जागाच नसेल तर मेल उतरणार कुठे? डाउनलोडमधल्या जुन्या फाईली, रिसायकल बिन आधी साफ करा. मेलचं फोल्डर नाही!

आउटलुकच्या पीएसटी फाईललाही मर्यादा असते. आउटलुक २००२ आणि त्याआधीच्या जुन्या प्रकारच्या फाईलला २ जीबी, २००७ला २० जीबी आणि २०१० पासून ५० जीबी. फाईल त्या टोकाला पोचली की नवीन मेल घेणं थांबतं. अशा वेळी जुने मेल वर्षाप्रमाणे वेगळ्या पीएसटीमध्ये हलवतात.

थंडरबर्डमध्ये मेल डिलीट केला तरी फाईलमधली जागा लगेच मोकळी होत नाही. त्यासाठी "कॉम्पॅक्ट" करावं लागतं. फोल्डरवर उजवं क्लिक केलं की हा पर्याय दिसतो.

तपासणी ९: अँटीव्हायरस आणि अॅड-ऑन

काही अँटीव्हायरस मेल प्रोग्रॅम आणि सर्व्हर यांच्या मध्ये उभे राहून प्रत्येक मेल तपासतात. त्यांची अपडेट चुकली की मेल तिथेच अडकतात. पूर्ण अँटीव्हायरस बंद करू नका. त्याच्या सेटिंगमध्ये फक्त मेल स्कॅनिंगचा भाग तात्पुरता बंद करून बघा.

इथे अजून एक धोका आहे. वर सांगितलं तसं थंडरबर्डचा इनबॉक्स ही एकच फाईल. त्यातल्या एका मेलमध्ये व्हायरस सापडला आणि अँटीव्हायरसने "फाईल क्वारंटाइन केली", तर एक मेल नाही, अख्खा इनबॉक्स गायब होतो! असं झालं तर घाबरून "डिलीट" दाबू नका. अँटीव्हायरसच्या क्वारंटाइन यादीतून फाईल परत आणा. प्रोफाईल फोल्डर स्कॅनमधून वगळून ठेवलं, तर हे पुन्हा होत नाही. मात्र अटॅचमेंट उघडताना मग स्वतः काळजी घ्यायची.

अॅड-ऑनचा संशय असेल तर हेल्प मेनूतून "ट्रबलशूट मोड" मध्ये थंडरबर्ड उघडा. त्यात मेल नीट आले, तर दोषी अॅड-ऑन आहे. एकेक बंद करत शोधा.

तपासणी १०: प्रोग्रॅमच कालबाह्य झालाय का?

काही वेळा दुरुस्त करण्यासारखं काही उरलेलंच नसतं. विंडोज लाइव्ह मेल अजूनही काही कॉम्प्युटरवर दिसतं, पण मायक्रोसॉफ्टने त्याचा आधार १० जानेवारी २०१७ला काढून घेतला. विंडोज १० सोबत येणारं "मेल" अॅप ३१ डिसेंबर २०२४ला बंद झालं. त्यानंतर त्यातून मेल येत-जात नाहीत, पण आधी उतरलेले मेल बाहेर काढून घेता येतात. कॉम्प्युटर विंडोज ७ चा असेल, तर त्यावर थंडरबर्डची ११५ ही शेवटची आवृत्ती चालते, पुढच्या नाही.

अशा ठिकाणी सेटिंगशी झुंजत बसू नका. जुने मेल नव्या प्रोग्रॅममध्ये हलवा, आणि ते दिसायला लागल्यावरच जुन्याकडे पाठ फिरवा.

पटकन ओळखण्यासाठी

• नुसतं गोल फिरतं, शेवटी "टाइम आउट": नेटवर्क, पोर्ट किंवा अँटीव्हायरस. तपासणी ४ आणि ९.
• पासवर्ड पुन्हा पुन्हा विचारतो: लॉगिनची पद्धत. तपासणी ६.
• "सर्टिफिकेट" असा शब्द येतो: आधी घड्याळ. तपासणी ५.
• यादी आहे, मेल कोरा: अनुक्रमणिका. तपासणी ७.
• काहीच एरर नाही, फक्त नवीन मेल नाही: ऑफलाईन, फिल्टर किंवा उलटी यादी. तपासणी २ आणि ३.
• ब्राउझरमध्येही नाही: जागा किंवा स्पॅम. तपासणी १.

"कस्टमर केअर" शोधू नका

मेल बंद पडला की लोक गूगलवर "जीमेल कस्टमर केअर नंबर" शोधतात. तिथे मिळणारे बरेचसे नंबर फसवणाऱ्यांचे असतात. ते स्क्रीन दाखवणारं अॅप टाकायला सांगतात, मग ओटीपी मागतात, आणि मेलसोबत बँक खातंही जातं. कुणालाही कॉम्प्युटरचा ताबा देऊ नका, अॅप पासवर्डही सांगू नका. असं काही घडलंच, तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाईनवर फोन करा.

दुरुस्त झाल्यावर एवढं करून या

मेल सुरू झाले की चहा पिऊन निघून येऊ नका. अजून अर्धा तास द्या.

अकाउंट पॉपचं असेल, तर तोच आयडी त्याच प्रोग्रॅममध्ये आयमॅप म्हणूनही जोडा. मग जुन्या पॉपच्या फोल्डरमधले महत्त्वाचे मेल ओढून आयमॅपच्या फोल्डरमध्ये टाका. ते सर्व्हरवर चढतात आणि फोनवरही दिसायला लागतात. थोडे थोडे टाका, एकदम हजारो मेल उचलले की मध्येच अडकतं. १५ जीबीची मर्यादाही लक्षात ठेवा. सगळे मेल दिसतात याची खात्री पटेपर्यंत पॉपचं अकाउंट काढायचं नाही.

प्रोफाईल फोल्डरची किंवा पीएसटीची प्रत महिन्यातून एकदा बाहेरच्या डिस्कवर घ्यायची सवय त्यांना लावून द्या. शक्य असेल तर छोटा यूपीएस घ्यायला सांगा. आणि एका कागदावर चार ओळी लिहून मॉनिटरच्या मागे चिकटवा: अकाउंट पॉप की आयमॅप, प्रोग्रॅमचं नाव, मेलचं फोल्डर कुठे आहे, शेवटची प्रत कोणत्या तारखेची. पासवर्ड मात्र लिहू नका. उद्या तुम्ही शिकायला जळगावला किंवा पुण्याला गेलात आणि दुसरं कुणी दुरुस्तीला आलं, तर फॉरमॅटचं बटण दाबण्याआधी त्याला हा कागद दिसेल.

तुमच्याकडे यापेक्षा वेगळी एरर येत असेल, तर स्क्रीनवर आलेले शब्द जसेच्या तसे लिहून घ्या किंवा फोनने फोटो काढा. "मेल येत नाही" एवढ्यावरून काही कळत नाही, पण एररच्या शब्दांवरून कोणत्या तपासणीकडे जायचं ते लगेच ठरवता येतं. आणि ज्यांच्या दुकानात असा कॉम्प्युटर आहे, त्या काका-मामांना हा लेख नक्की पाठवा.